माळ्यावरची तीन गाठोडी

आमच्या घरात तेरा वर्षांनी पाळणा हलणार आहे. धाकट्या दिराच्या दुल्हनला, जिला सारे घर ‘छोटी’ म्हणते, सातवा महिना लागला आणि अम्मांनी जाहीर केले की आता माळा रिकामा करायचा.

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. ओटी भरून लेक माहेरी जाते आणि छटीचा जोडा, गोदडी, पाळणा सारे तिकडूनच येते. पण छोटीची अम्मी दोन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारी झाली. माहेरी वडील आणि दोन भाऊ, दोघेही मागावर रात्रपाळी करणारे. त्यांनी बिचाऱ्यांनी पैसे पाठवले आणि फोनवर विचारले, “बाजी, नेमके काय काय लागते हो?” तेव्हा या खेपेला सासरही आम्ही आणि माहेरही आम्हीच. आम्ही म्हणजे अम्मा, हे लिहिणारी मास्तरीण आणि मागच्या गल्लीत राहणारी मोठी नणंद, आमची आपा.

माळ्यावरून तीन गाठोडी उतरली. पहिले आमच्या दोन मुलांचे, जुन्या सोलापुरी चादरीत बांधलेले. मोठा आता अठरा वर्षांचा आहे आणि आपण कधी एवढ्या झबल्यात मावलो होतो यावर त्याचा विश्वास बसत नाही. दुसरे म्हणजे प्लास्टिकची एक भली मोठी पिशवी. पुण्याची मधली जाऊ मागच्या ईदला आपल्या मुलीचे कपडे घेऊन आली होती, ते. तिसरे अगदी लहान होते. पांढऱ्या मलमलच्या ओढणीत बांधलेले, वर दोन गाठी. अम्मांनी ते हातात घेतले, क्षणभर धरले आणि आपल्या खाटेखाली सरकवले. छोटीने पाहिले. विचारले नाही.

जुने कपडे निवडणे म्हणजे तांदूळ निवडण्यासारखे सोपे काम, असे आम्हाला वाटले होते. पण तांदळातला खडा डोळ्यांना दिसतो. झबल्यातला खडा हाताला लागावा लागतो.

आमचे गाठोडे सोडले तर वरच लोकरीचे अकरा नग! स्वेटर, कानटोप्या, पायमोजे. मोठा डिसेंबरात झाला, धाकटा जानेवारीत, त्यामुळे ज्याने त्याने लोकरच आणली होती. छोटीची तारीख मेमधली. इचलकरंजीचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना आणखी सांगायला नको. बरे, थंडी पडेपर्यंत बाळ सहा-सात महिन्यांचे होईल आणि हे चिमुकले स्वेटर त्याच्या कोपरावर अडकतील. घरोघरी माळ्यावर असेच होत असावे. माप जुळते तेव्हा ऋतू जुळत नाही. त्यातला एक स्वेटर ठेवला, पहाटे दवाखान्यात जायची वेळ आली तर म्हणून. बाकीचे नऊ-दहा नग जिच्या घरी हिवाळ्यात बाळ येणार आहे तिला जातील. अशी एक आमच्या शाळेतच आहे.

पुण्याच्या पिशवीतले कपडे दिसायला देखणे. जाळीचा फ्रॉक, टिकल्यांची पट्टी, कमरेला रबर, छातीवर चिकटवलेला ससा. पण टिकली सुटली तर बाळाच्या तोंडात जाते, आणि घट्ट रबर पोटावर वळ उठवते. गळ्याशी नाडी असेल ती आम्ही सरसकट काढून टाकली. लेबलवर तीन महिने लिहिलेले कपडे अडीच-पावणेतीन किलोच्या बाळाला पोत्यासारखे होतात, तेही बाजूला ठेवले. पहिले काही आठवडे तरी त्यांचे काम नाही. प्रत्येक पायमोजा उलटा करून पाहिला. हे आम्हाला एका नर्सताईंनी कधी काळी शिकवले होते. आतले सुटे धागे किंवा आईचा लांब केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, बोट सुजते, रक्त अडते आणि बाळ का रडते ते कुणालाच कळत नाही. बाळ उगाच रडत राहिले तर पोटदुखी समजून घुटी पाजण्याआधी हातापायांची बोटे बघावीत, असे त्या म्हणत. आम्ही ते अजून विसरलो नाही.

लंगोट मात्र जुनेच हवेत. अम्मांच्या विटलेल्या सुती साड्या आणि अब्बांच्या लुंग्या फाडून आम्ही तीन डझन केले. एवढे कशाला, असे छोटीच्या नवऱ्याने विचारले. त्याला म्हटले, पहिला आठवडा जाऊ दे, मग तूच मोजशील. बाळ दिवसाकाठी सहा-आठ वेळा तर नुसते ओले करणार, बाकीचा हिशेब वेगळा. आणि आमच्या गावात नळाला पाणी रोज येत नाही. पाणी येईल त्या दिवशी धुवायचे तर मधल्या दिवसांची बेगमी हवीच. मागून आणखी एक डझन करावे लागेल असे दिसते.

पुढून उघडणारी, बंदाची झबली आठ निघाली, टोपडी पाच, दुपटी सहा. बाळाच्या डोक्यावरून ओढायचे कपडे पहिल्या महिन्यात आईची परीक्षा पाहतात. पहिलटकरणीची तर जास्तच. तिला ती मान हातात धरायचीच भीती वाटत असते.

एवढे सगळे होईपर्यंत छोटी भिंतीला टेकून बसली होती. घड्या घालत होती, पण बोलत नव्हती. शेवटी हळूच म्हणाली, “भाभी, एक तरी नवा घेऊ या ना.” मोबाइलमध्ये तिने पिवळ्या रंगाच्या एका जोड्याचे चित्र जपून ठेवले होते. आम्हाला जरा लाजल्यासारखे झाले. दोन तास आम्ही काटकसरीचे धडे देत होतो, इस्राफ नको वगैरे, आणि हिची आई असती तर तिने पहिल्या दिवशी पहिली खरेदी तीच केली असती. पिवळा जोडा घेऊ, असे तिथल्या तिथे ठरले.

अम्मा म्हणाल्या, “घ्या, पण छटीपर्यंत नवे अंगाला लावायचे नाही.” बाळाचा पहिला कुरता घरातल्या वडीलधाऱ्या, लांब उमर लाभलेल्या माणसाच्या वापरातल्या कपड्याचा शिवायचा, असा त्यांच्या सासूबाईंपासूनचा रिवाज. त्या माणसाची उमर बाळाला लागावी म्हणून. उमर देणारा अल्लाह आहे हे अम्मांनाही ठाऊक आहे, आणि हा दीन नव्हे, रिवाज आहे हेही. तरी आम्हाला तो आवडतो, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. आमच्या गावात 1904 साली पहिला यंत्रमाग आला आणि तेव्हापासून अर्धे गाव मागावर जगले. अब्बा चाळीस वर्षे जॉबर होते. कुठल्या मागाचा आवाज बिघडला हे ते रस्त्यावरून ओळखत. ते सांगत, सायझिंगमध्ये ताण्याला खळ चढते तेव्हा कुठे सूत मागावर टिकते. मग रंग, मग कापडाला तुकतुकी आणणारी आणखी कसली कसली द्रव्ये. म्हणजे दुकानातले नवे कापड कितीही स्वच्छ दिसले तरी बाळाच्या अंगाला लावण्याआधी एकदा धुतलेलेच बरे. दोनशे वेळा धुतलेल्या कुरत्यात खळही उरत नाही आणि रंगही. अब्बा जाऊन चार वर्षे झाली. ब्याऐंशी वर्षे जगले. त्यांचा एक मलमलचा कुरता अम्मांनी या कामासाठीच ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी आपा आल्या. आल्या त्या सरळ अम्मांच्या खाटेपाशी गेल्या, वाकल्या आणि तिसरे गाठोडे काढून घेतले.

आपांबद्दल थोडे सांगायला हवे. त्या कपडे शिवतात. गल्लीतल्या निम्म्या पोरींचे ईदचे कपडे त्यांच्या मशीनवरचे. एकवीस वर्षांपूर्वी त्यांना मुलगा झाला होता. दोन दिवसांचा होऊन गेला. त्यानंतर मूल झाले नाही. बाळ होण्याआधीच त्यांनी सगळे शिवून ठेवले होते, हाताने, कारण तेव्हा मशीन नव्हती. ते गाठोडे त्यांनी माहेरी आणून ठेवले आणि पुन्हा सोडले नाही. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. आमच्या दोन्ही बाळंतपणांत आपांनी रात्री जागून मालिश केली, अंगाई गायली, पण ते गाठोडे खाली यावे असे त्याही म्हणाल्या नाहीत आणि आम्हीही.

त्या दिवशी मात्र त्यांनी गाठी सोडल्या. चार कुरते, दोन टोप्या, एक दुलई. कुरत्यांच्या गळ्याला पांढऱ्या दोऱ्याची बारीक साखळी. एकाला बंद लावायचा राहिलेला. आपा म्हणाल्या, “छोटी, तुझ्या बाळाला होतील बघ.” छोटीचा चेहरा आम्ही पाहिला. तिने हात पुढे केला नाही, मागेही घेतला नाही.

आणि त्याच क्षणी वास आला. डांबर गोळ्यांचा. दुलईच्या घडीतून शेंगदाण्याएवढ्या झिजलेल्या तीन गोळ्या जमिनीवर घरंगळल्या.

आम्ही म्हणालो, “आपा, हे नको. हे बाळाला चालणार नाही.”

खरे कारण सांगायला पुढची दोन वाक्ये लागणार होती. ती आम्ही बोललोही. पण पहिले वाक्य बोलून झाले होते. आपांनी तोंड वर न करता म्हटले, “जाने दे गे, समज गई मैं.” कुरते भराभर ओढणीत गोळा केले आणि निघून गेल्या. अम्मा आमच्याकडे बघत राहिल्या. बदशगुनी मानू नये, असे आम्ही शाळेत मुलांना सांगतो, घरात बायकांना सांगतो. आणि आपांच्या कानावर त्या दिवशी आमच्याच तोंडून तेच गेले.

आता ती दोन वाक्ये इथे नीट लिहितो, कारण ती प्रत्येक घराच्या कामाची आहेत.

डांबर गोळी म्हणजे नॅप्थॅलीन. ती कपाटात झिजते, कारण घन पदार्थाचा सरळ वायू होतो. विज्ञानाच्या पुस्तकात याला संप्लवन म्हणतात आणि आम्ही फळ्यावर हा शब्द शेकडो वेळा लिहिला आहे. तो वायू कपड्यात मुरतो. मोठ्या माणसाला फार तर डोके दुखते. पण काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे एक विकर जन्मतः कमी असते. अशा बाळाच्या श्वासातून किंवा कातडीतून नॅप्थॅलीन आत गेले तर तांबड्या पेशी भराभर फुटतात, अंगातले रक्त कमी होते आणि कावीळ झपाट्याने वाढते. फार वाढलेली कावीळ नवजात बाळाच्या मेंदूला कायमची इजा करू शकते. तेल लावलेल्या अंगातून नॅप्थॅलीन अधिक सहज आत शिरते. आणि आपल्याकडे मालिशशिवाय बाळ कुठे असते? ही कमतरता मुलग्यांत जास्त आढळते, कारण तिचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. बाळ बघून ती कळत नाही, तपासणीच करावी लागते.

आम्हाला हे कळले ते धाकट्याच्या वेळी. तिसऱ्या दिवशी तो पिवळा पडला. निम्म्याहून जास्त बाळांना थोडी कावीळ होतेच, असे डॉक्टर म्हणाले. पण त्याची जास्त होती, निळ्या दिव्याखाली ठेवावे लागले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “कपडे पेटीतले आहेत का? डांबर गोळ्या होत्या?” तेव्हा नव्हत्या. तपासणीही ठीक निघाली आणि तीन दिवसांत मूल हसतखेळत घरी आले. पण तो प्रश्न आमच्या डोक्यात राहिला. जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत पिवळेपणा दिसला, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोचला, बाळ दूध ओढेना, सारखे झोपून राहू लागले, तर उन्हात धरत बसू नका, थेट दवाखाना गाठा, हे त्यांचे शब्दही राहिले.

राहिले म्हणतो खरे. त्या रात्री झोप येईना म्हणून उठलो आणि आमच्या मुलांच्या गाठोड्यातले एक झबले सहज नाकाला लावले. तोच वास! उतरत्या दिवसातल्या उन्हाने आणि खोलीतल्या वाऱ्याने थोडा विरलेला, पण तोच. धाकट्याचे कपडे लहान झाल्यावर माळ्यावर टाकताना आम्हीच आपल्या हाताने गोळ्या टाकल्या होत्या. कसर लागू नये म्हणून, सवयीने. गोळ्या केव्हाच विरून गेल्या होत्या, वास उरला होता. आमच्या मुलांचे कपडे आम्ही घड्या घालून ‘चालतील’च्या ढिगात ठेवले होते, आणि आपांच्या मुलाचे कपडे उघडताच नाक वर केले होते. आपा चुकीचे काय समजल्या होत्या?

सकाळी शाळेत जाण्याआधी बालरोगतज्ज्ञांना फोन केला. ते म्हणाले, पहिले काही महिने असे कपडे बाळाच्या जवळ नकोतच, ना अंगावर ना पाळण्यात. पुढे वापरायचे असतील तर पुन्हा पुन्हा धुऊन कडक उन्हात, वाऱ्यावर टाका, आणि वासाचा लवलेशही उरला नाही तरच वापरा. कपाटात, बाथरूममध्येही त्या गोळ्या ठेवू नका. त्याऐवजी कापूर टाकू का, असे विचारले तर म्हणाले, बाळाच्या आसपास तोही नको. कपडे पूर्ण सुकवून स्वच्छ सुती कापडात बांधा, वरचेवर ऊन दाखवा, वाटल्यास कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा, बस.

तेव्हा आमचे आठपैकी सहा झबले बाद झाले. उरले पुण्याचे, कारण मधल्या जावेकडे माळाच नाही, फ्लॅट आहे. अम्मांना हसू आले. म्हणाल्या, “टिकल्यांचेच बरे निघाले म्हणायचे.”

संध्याकाळी आपांकडे गेलो. आमचे झबले बरोबर नेले होते, वास द्यायला. आपांनी दार उघडले, चहा केला, मशीन चालू ठेवली. झबले हातात दिले तर नाकाला न लावताच परत केले. “ठीक आहे भाभी,” म्हणाल्या. ठीक नव्हते. विज्ञान सांगून कुणाची समजूत पटते असे वाटणाऱ्यांनी एकदा असे करून बघावे. चार दिवस त्या घरी आल्या नाहीत. एरवी दिवसातून दोन वेळा यायच्या.

पाचव्या दिवशी आम्ही शाळेतून आलो तर छोटी घरात नव्हती. अम्मा म्हणाल्या, “अब्बांचा कुरता घेऊन गेली आहे.” एवढ्या उन्हात, आठवा महिना लागत आलेला. आम्ही चपला न उतरवता तसेच मागच्या गल्लीत गेलो.

दोघी जमिनीवर बसल्या होत्या. अब्बांचा कुरता पाठीकडून उलगडून चटईवर पसरला होता. त्यावर आपांनी एकवीस वर्षांपूर्वी शिवलेला लहान कुरता ठेवला होता, बाह्या पसरून. छोटीने म्हणे जाऊन एवढेच सांगितले, “आपा, मला माप माहीत नाही. तुमच्याकडे आहे ना?” आपा खडूने कडेकडेने रेघ ओढत होत्या. शिवणीसाठी बोटभर सोडत होत्या. छोटी कापड ताणून धरत होती आणि मध्येच विचारत होती, गळा एवढाच का, बंद डावीकडे का. आपा उत्तरे देत होत्या. बंद बाहेरच्या बाजूने आला पाहिजे, गाठ अंगाला बोचत नाही. शिवण वरच्या अंगाला ठेवायची, आतली बाजू सपाट. आम्हाला पाहून म्हणाल्या, “उभ्या का? कात्री द्या.”

अब्बांच्या एका कुरत्यातून तीन निघाले. पाठीतून दोन, बाह्यांतून एक, त्याला मात्र खांद्यावर जोड आहे. गळ्याला साखळीची टीप आपा हाताने घालत आहेत, मशीन असूनही. तिसऱ्याला छोटी स्वतः घालते आहे. तिचे टाके मुंगी चालल्यासारखे वाकडे येतात, आपा उसवून देतात आणि पुन्हा घालायला लावतात.

जुने कुरते, टोप्या आणि दुलई आपांनीच धुऊन आमच्या गच्चीवर आणून टाकली, कारण त्यांच्याकडे ऊन येत नाही. आमची झबलीही त्याच दोरीवर आहेत. पाणी आले की पुन्हा धुतो, पुन्हा टाकतो. आज विसावा दिवस आहे. आपा रोज सकाळी वर जातात, आधी आमचे एक झबले, मग आपला एक कुरता नाकाशी धरतात, आणि खाली येऊन अम्मांना सांगतात, “अजून आहे.”